आठचा पत्रा

केल्विन चहात साखर ढवळतो ती नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पूर्वी चार-पाच वेढे झाले की चमचा कपाबाहेर येई. आता साखर केव्हाच विरघळलेली असते, चहाच्या मधोमध पडलेला खळगा तसाच फिरत असतो, आणि चमचा कपाच्या कडेला न लागता एकाच वेगाने गोल जात राहतो. लय चुकत नाही. हाताला ढवळणं नीट आठवतं, थांबणं तेवढं आठवत नाही.

ग्लेनिसने त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. चमचा थांबला.

"झाला?" त्याने विचारलं.

"झाला. पी आता. मॅचला जायचंय."

"कुणाशी आहे?"

"वेराबिनशी."

"क्वेड खेळतोय का?"

लॉरी क्वेड म्हणजे शेजारच्या वेराबिन गावच्या संघाचा गोल मारणारा गडी. त्याने शेवटची मॅच खेळून चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि त्याला पुरूनही तिसरं वर्ष लागलं होतं. ग्लेनिस म्हणाली, नाही, आज खेळत नाही. केल्विनचा चेहरा जरासा उतरला. एखादं ठरलेलं काम रद्द झाल्यावर माणसाचा उतरतो तसा.

टालिंगा गावाच्या फुटबॉल संघात केल्विन ट्रुइन चौदा हंगाम मागच्या उजव्या कोपऱ्यात उभा होता, आपल्या गोलच्या खांबांपासून चार ढांगांवर. समोरच्या संघाचा सगळ्यात धोकादायक माणूस तिथेच येतो आणि त्याला चेंडूला हात लावू द्यायचा नाही, एवढंच त्या कोपऱ्यातल्या माणसाचं काम. ऑस्ट्रेलियातला हा फुटबॉल, यात चेंडू हाताने झेलता येतो, धरून पळताही येतं. केल्विनला गाव 'फाटक' म्हणायचं. फाटकातून जायचं तर फाटकाला धडकूनच जावं लागे. त्याने स्वतः किती चेंडू पकडले, किती लाथाडले हे आज कुणाला सांगता येणार नाही. कुणाकुणाला आडवं केलं हे मात्र शाळेतली पोरंसुद्धा सांगतात.

त्याच कोपऱ्याच्या मागे, गव्हाच्या सायलोच्या, म्हणजे उंच कोठाराच्या बाजूला, लाकडी स्कोअरबोर्ड होता. शिडीने वर चढायचं, फळीवर उभं राहायचं आणि गोल झाला की खिळ्यावरचा जुना आकडा काढून नवा अडकवायचा. आकडे पत्र्याचे, पांढऱ्या रंगाचे, हिवाळ्यात बोटांना चिकटतील इतके गार. ग्लेनिस ते काम लग्नाआधीपासून करत होती. खाली जमलेल्या माणसांची नजर चेंडूमागे फिरायची. तिला मात्र खांबांजवळच्या पंचाचे झेंडे पाहावे लागत, म्हणून तिची नजर त्या कोपऱ्यावरच असायची. पुढे विजेवर चालणारा बोर्ड आला तेव्हा क्लबने तिला एक घड्याळ भेट दिलं.

सुगीच्या दिवसांत ती सायलोवरच्या तपासणीच्या खोपटात असे. गव्हाचा ट्रक आला की लांब नळी खुपसून नमुना काढायचा, यंत्रात घालायचा आणि त्यात ओल किती ते सांगायचं. ओल जास्त निघाली की ट्रक परत. परत जाणारे ट्रक शेजाऱ्यांचे असत, मामेभावाचे असत, एकदा तर सासऱ्यांचा होता. ते खिडकीशी येऊन बोलत, पुन्हा एकदा बघ म्हणत. ती पुन्हा बघे, तोच आकडा सांगे आणि पुढच्या ट्रकला हात करे. तिच्या पाठीमागे लोक तिला काय म्हणत हे तिला माहीत होतं.

असं असूनही एका गोष्टीचं उत्तर तिने मार्चपासून दिलं नव्हतं.

मार्चमध्ये मेलबर्नच्या डॉक्टरीणबाईंनी केल्विनच्या डोक्याचे फोटो पाहिले आणि विचारलं, हे काय काम करत होते? गव्हाचा ट्रक चालवायचे, ग्लेनिसने सांगितलं. आणि त्याआधी? त्याआधीही ट्रकच, आणि शनिवारी फुटबॉल. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग कुठे उभे राहायचे, डोक्याला लागायचं का, बेशुद्ध पडले होते का, असं बराच वेळ विचारत राहिल्या. शेवटी त्यांनी सांगितलं की डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या ज्या आजाराचा त्यांना संशय आहे तो जिवंत माणसात पक्का सांगता येत नाही. माणूस गेल्यावर मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरच कळतं. असे मेंदू ठेवून अभ्यास करणारी, रक्तपेढीसारखी एक मेंदूपेढी मेलबर्नमध्ये आहे. घरच्यांनी विचार करावा, घाई नाही. यजमानांना अजून समजतंय तोवर त्यांनाही विचारावं.

मुलगा ब्रेंटन याला तिने परतल्यावर सांगितलं. तो क्लबचा अध्यक्ष. तो रागावला नाही, रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने फक्त परिस्थिती मांडली. बारा वर्षांखालच्या संघाला पोरं पुरत नाहीत, वेराबिनकडून उसनी आणावी लागतात. आया येऊन एकच प्रश्न विचारतात, यात डोक्याला काही होणार नाही ना? तो सांगतो, आता नियम बदललेत, आम्ही काळजी घेतो. उद्या पेपरात आलं की अध्यक्षांच्याच वडिलांचा मेंदू बरणीत आहे, तर त्या आया पोरांना बास्केटबॉलला घालतील. आणि फुटबॉल गेला की या गावात शनिवारी माणसांनी जमायचं कुठे? बँक गेली, शाळेचे वरचे वर्ग गेले, चर्च महिन्यातून एकदा उघडतं.

त्यानंतर तिने विषय काढला नाही, त्यानेही नाही, आणि जूनबरोबर हिवाळा आला.

ती गाडी घेऊन मैदानावर पोचली तेव्हा राखीव संघांची मॅच चालू होती. कुंपणाला नाक लावून गाड्या गोलाकार उभ्या होत्या. ट्रुइनांची जागा ठरलेली, सायलोच्या बाजूला, त्या कोपऱ्यासमोर. दक्षिणेकडून बोचरा वारा येत होता. तिने केल्विनच्या मांडीवर पांघरूण टाकलं आणि त्याच्या गळ्यातला निळा-पिवळा मफलर कोटात खोचला.

ब्रेंटन तरातरा चालत आला आणि खिडकीशी वाकला. आज क्लबला शंभर वर्षं पूर्ण झाल्याचा समारंभ होता. संध्याकाळी शंभर वर्षांतला सर्वोत्तम संघ जाहीर व्हायचा होता. एकवीस नावं ठरली होती, एक जागा अडली होती, मागचा उजवा कोपरा.

"मर्व्ह म्हणतो बाबाच," ब्रेंटन म्हणाला. "स्टॅन अडून बसलाय. पण होईल. तू बाबांना मॅचनंतर आत घेऊन ये. आणि आई..."

"काय?"

"ते दुसरं आज नको काढू."

"मी कुठे काढलंय?"

"तेच म्हणतोय."

तो गेल्यावर केल्विनने विचारलं, हा पोरगा कुणाचा? चांगला उंच आहे, मागे खेळवायला हवा.

थोड्याच वेळात मर्व्ह लेहमन काठी टेकत आला आणि त्यांच्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. केल्विन खेळायचा तेव्हा मर्व्ह कप्तान होता. दोन्ही गुडघे बदललेले, आवाज अजून मैदानाच्या पलीकडे पोचेल एवढा. त्याच्यामागून स्टॅन पिच आला. तो कधी पहिल्या संघात खेळला नव्हता. तीस वर्षं वेळ मोजायला बसायचा आणि आपल्याला खेळातलं इतरांपेक्षा जास्त कळतं असं मानायचा. दोघांचं भांडण वाटेत कुठेतरी सुरू झालेलं होतं. ते तसंच बॉनेटवर येऊन पडलं.

स्टॅनचं म्हणणं, सर्वोत्तम संघ म्हणजे उत्तम खेळणाऱ्यांचा संघ. त्या कोपऱ्यात आल्बी नोस्के हवा. आल्बी चेंडू घ्यायचा, धावायचा, बरोबर माणसाला द्यायचा, आणि शिस्तीच्या कमिटीपुढे एकदाही उभा राहिला नाही.

"आल्बीच्या चड्डीला कधी चिखल लागला नाही," मर्व्ह म्हणाला. "त्याची आई त्याची जर्सी न धुता घडी करायची."

"चिखल लागणं म्हणजे खेळणं नव्हे."

"मग काय म्हणजे खेळणं? दाताचा डॉक्टर झाला तो. केल्वने पाडायचे आणि त्याने बसवायचे, एवढाच त्याचा क्लबला उपयोग."

शेजारच्या गाडीतून हसण्याचा आवाज आला. केल्विनही हसला. आपलं नाव आलं की त्याला कळायचं.

मग जुन्या दांडगटांची उजळणी झाली. डच हॅन्राहन, जो नाणेफेकीच्या आधीच समोरच्याच्या पायावर बूट देऊन उभा राहायचा आणि हवापाण्याची चौकशी करायचा. पास्टरसाहेबांचा थोरला, ज्याच्या वडिलांना रविवारी दोन्ही गावांच्या जखमींसाठी प्रार्थना करावी लागायची. एकाचं नाव कुणालाच आठवेना, त्याला दोनदा आयुष्यभरासाठी बंदी झाली होती. स्टॅन म्हणाला, हे सगळे आज खेळले असते तर तुरुंगात गेले असते. मर्व्ह म्हणाला, हे सगळे नसते तर वेराबिनवाल्यांनी आपल्याला त्यांच्यात विलीन करून घेतलं असतं आणि तू आज लाल मफलर घालून उभा असतास. आम्ही होतो तसे होतो, त्याची माफी मागायला मी इथे आलेलो नाही.

ग्लेनिस पुढच्या सीटवर बसून ऐकत होती. हे सगळं तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की कुठे हशा येणार ते तिला आधीच कळे. मर्व्हवर तिचा राग नव्हता. तो दर बुधवारी सकाळी घरी येई, केल्विनला आपल्या पिकअपमध्ये बसवून शेतांमधून फिरवून आणी. त्याच तासांत ती केस कापून घेई, बाजार करी, किंवा नुसती बसे. गावात एवढं दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. दर बुधवारी तिच्या ओठांवर तो विषय येई आणि ती त्याला केक बांधून देई.

मुख्य मॅचचा दुसरा क्वार्टर संपला तेव्हा ती कँटीनकडे गेली. रांगेत तिच्यापुढे लाल मफलर घातलेली एक बाई होती. हेदर क्वेड. लॉरीची बायको. दोघी एकमेकींना पस्तीस-चाळीस वर्षं ओळखत होत्या, म्हणजे दुकानात दिसल्या की मान हलवायच्या. नवऱ्यांनी एकमेकांना मारलं होतं, त्यांनी यापेक्षा जास्त काय बोलावं हे ठरलं नव्हतं.

आज हेदरच वळून बोलली. केल्विन कसा आहे म्हणाली. ग्लेनिसने सांगितलं, बरा आहे, आज लॉरीची चौकशी करत होता. हेदरने समोरच्या, मांस भरलेल्या गरम पाईंच्या कपाटाकडे नजर वळवली.

"लॉरी शेवटी काटा उलटा धरायचा," ती म्हणाली. "मी सरळ करून दिला की पुन्हा उलटा. मुलींना ओळखलं नाही त्याने. धाकटीला तर घाबरायचा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वय झालं म्हणाले." हेदरने सुट्टे पैसे मोजायला घेतले आणि मध्येच थांबली. "तुला मेलबर्नवाल्यांनी विचारलं असं ऐकलं. गावात काही लपत नाही. आम्हाला कुणी विचारलंच नाही, ग्लेनिस. पुरून आलो आम्ही त्याला."

तिने दोन कप चहा घेतला आणि गेली. ग्लेनिस काउंटरपाशी पोचली तेव्हा तिला काय हवं होतं ते आठवायला एक क्षण लागला.

तिसऱ्या क्वार्टरनंतर केल्विनचे ओठ निळसर दिसू लागले, म्हणून तिने मॅच संपायची वाट न पाहता त्याला क्लबहाउसमध्ये आणलं. आत निलगिरीच्या तेलाचा आणि तापलेल्या पाईंचा वास होता. कमिटीच्या खोलीचं दार उघडं होतं. मर्व्ह, स्टॅन आणि ब्रेंटन टेबलाशी बसले होते, तिला पाहून मर्व्हने हाक मारली.

"ये, ये. बसव त्याला इथे, हीटरजवळ. स्टॅन पडला शेवटी."

"पडलो नाही," स्टॅन म्हणाला. "दोघांविरुद्ध एक होतो."

ब्रेंटनने वडिलांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या हातात पाई दिली. मर्व्हने चष्मा लावला. संध्याकाळी प्रत्येक खेळाडूबद्दल चार वाक्यं वाचून दाखवायची होती, मग तीच पितळी पट्टीवर कोरून फोटोखाली लावायची होती. केल्विनची वाक्यं त्याने स्वतः लिहिली होती आणि ती ग्लेनिसला आधी ऐकवायची होती. तो उभा राहून वाचू लागला.

"केल्विन ट्रुइन, 'फाटक'. मागचा उजवा कोपरा. क्लबने पाहिलेला सगळ्यात कणखर बचावपटू. चौदा हंगामांत अनेकांना त्याने जमीन दाखवली, पण तो स्वतः एकदाही पडून राहिला नाही आणि एकदाही मैदान सोडून बाहेर गेला नाही."

त्याने चष्मा काढला.

"शेवटचं वाक्य काढ," ग्लेनिस म्हणाली.

मर्व्हला वाटलं तिला ते फार मोठेपणाचं वाटतंय. तो म्हणाला, यात अतिशयोक्ती काही नाही, सगळ्या गावाने पाहिलंय.

"गाव चेंडू पाहत होतं. तो पडून राहायचा, मर्व्ह. खूपदा."

"उठायचा ना पण."

"उठवायचा वॉल."

वॉल येंके हा तेव्हाचा मलमपट्टीवाला. बादली, स्पंज आणि नाकाशी धरायची बाटली घेऊन मैदानात पळायचा. त्याचं नाव निघताच मर्व्हला हसू आलं. वॉलची परीक्षा सगळ्यांना पाठ होती. डोक्याला लागलेल्याला तो एकच विचारायचा, स्कोअर किती? बरोबर सांगितला तर खेळायचं, नाही तर बाहेर. आणि केल्व, मर्व्ह म्हणाला, केल्व एकदाही चुकला नाही. डोळे फिरलेले असायचे, पाय लटपटायचे, पण स्कोअर अचूक. तसलं डोकं पुन्हा होणे नाही.

"तो बोर्डाकडे बघून सांगायचा," ग्लेनिस म्हणाली.

स्टॅन हसला. मर्व्हही हसला. "लबाड लेकाचा."

"मी वर उभी असायचे. खांबांजवळ पडला की तो मान वर करायचा आणि माझ्या शेजारचे आकडे वाचायचा. मला वाटायचं मला शोधतोय." ती थांबली. बाहेर गोल झाला असावा, मैदानाभोवतीच्या गाड्यांचे हॉर्न वाजले. "तुला आठवतं, आपल्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला लॉरी क्वेडने त्याच्या पाठीवर चढून चेंडू झेलला होता?"

"आठवतं. गुडघा लागला केल्वला. कानामागे."

"केल्विन खाली होता तेवढ्यात लॉरीने गोल मारला. वेराबिनचे सात होते, आठ झाले. पंचाने झेंडे हलवले. मला सातचा पत्रा काढून आठचा लावायचा होता. मी लावला नाही. हातात धरून उभी राहिले, कारण केल्विनची टाच जमिनीवर आपटत होती. एकच टाच, एकसारखी. वॉल आला, त्याने बाटली हुंगवली आणि विचारलं, स्कोअर किती? केल्विनने वर पाहिलं आणि म्हणाला, आपले नऊ, त्यांचे सात."

मर्व्हने चष्मा टेबलावर ठेवला.

"आणि वॉलने मान वळवली, बोर्ड पाहिला आणि म्हणाला, बरोबर. खेळ."

स्टॅनच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. ते त्याला कुठे ठेवावं कळेना. हळूच म्हणाला, आठच होते. त्याने स्वतः लिहून घेतले होते, त्यावरून मॅचनंतर वादही झाला होता.

"आपण जिंकलो ती मॅच," मर्व्ह म्हणाला.

"हो. आणि तो रात्री मला म्हणाला, मॅच केव्हा आहे? आम्ही सगळे हसलो त्याला. तूही होतास."

केल्विनने पाई अर्धी खाऊन बशीत ठेवली होती. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, बोलणं चाललंय आणि आपल्याबद्दल चाललंय एवढं समजून, खूश होऊन.

ब्रेंटन उठला आणि त्याने खोलीचं दार लोटून घेतलं.

"आई, हे पट्टीबद्दल नाहीये."

"नाही."

"मी तुला सकाळी सांगितलं, आज नको."

"आज नको, मार्चमध्ये नको. मग केव्हा? तुझ्याकडे त्या आया येतात ना, विचारायला. तू त्यांना काय सांगतोस?"

"सांगितलंय तुला काय सांगतो ते."

"काही होणार नाही म्हणतोस. तुला माहीत आहे का, ब्रेंटन? मला नाही माहीत. मर्व्हला नाही. वॉलला नव्हतं. मी या बोर्डावर आख्खं तारुण्य उभी होते, मी फुटबॉलच्या विरुद्ध असेन तर या गावात बाजूने कोण आहे ते दाखव. पण मला माहीत नाही, आणि ते कळायची एकच जागा आहे."

"लोक म्हणतील आपणच खेळाला गालबोट लावलं."

"म्हणू देत. सायलोवर मला काय काय म्हणायचे ते तू लहानपणी ऐकलंयस."

ब्रेंटन भिंतीला टेकला. तो तोंडावरून हात फिरवत होता, आणि तो हात खाली आला तेव्हा ग्लेनिसला दिसलं की तो तिच्याकडे नाही, वडिलांकडे बघतोय.

मर्व्ह सावकाश खाली बसला. त्याने काठी टेबलावर आडवी ठेवली, पुन्हा उचलून मांड्यांमध्ये उभी धरली. तो बोलला तेव्हा मैदानावरचा आवाज त्यात नव्हता.

"हे त्याला आवडलं नसतं, ग्लेन. केल्वला. मी ओळखतो त्याला. तू त्याला जागा देतेयस आणि त्याच हाताने काढून घेतेयस."

"तुम्ही त्याला संघात घेताय ते त्याने डोकं कुठेही घातलं म्हणून. त्याने लाथाडलेले चेंडू कुणाला आठवत नाहीत. मग त्या डोक्याचं काय झालं तेही क्लबला माहीत असू दे. पट्टीवर तेही बसेल."

"पण त्याला विचारलंस का? त्याला स्वतःला?"

"विचारलं," ग्लेनिस म्हणाली. "मार्चमध्ये. त्या दिवशी त्याला सगळं नीट कळत होतं. मी दोनदा समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाला, मर्व्हला विचार."

मर्व्हने मान वर केली. केल्विन त्याच्याकडे बघत होता, खेळ सुरू व्हायच्या आधी कप्तानाकडे बघतात तसा, काय सांगशील ते करतो म्हणणारा. मर्व्हला ती नजर सोसेना. त्याने चष्मा हातात घेतला आणि तो नुसता धरून ठेवला. मग तो म्हणाला,

"म्हणून दर बुधवारी केक देत होतीस मला."

"हो."

"मग विचार."

बाहेर मॅच संपल्याचा भोंगा झाला आणि तो लांबत गेला. ग्लेनिस उठली. तिने केल्विनच्या कोटावरचे पाईचे कण झटकले, मफलर सारखा केला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"नाही, मर्व्ह. विचारत नाहीये, सांगतेय. तुम्हा तिघांना, आणि आत्ता बाहेर गेल्यावर सगळ्यांना. केल्विन जाईल तेव्हा त्याचा मेंदू मेलबर्नला जाईल."